शंभर टक्क्यांचा फ्लेक्स आणि आठवीचा पट

पत्र : आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे. येत्या जूनमध्ये मुलीला आठवीला तालुक्याच्या गावी घालायचंय. तिथे दोन शाळा आहेत. संस्थेच्या अनुदानित विद्यालयाचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागलाय, तसा फ्लेक्स चौकात अजून आहे. दुसरी जिल्हा परिषदेची प्रशाला, तिचा निकाल ८८ टक्के. लोक म्हणतात, प्रशालेत ऊसतोड्यांची पोरं, तिथं वातावरण नाही. मुलीचं गणित चांगलं आहे, इंग्रजी कच्चं. घरचे म्हणतात, विद्यालयातच घालू. शाळा चांगली की वाईट, हे आमच्यासारख्यांनी ठरवायचं तरी कसं? – एक आई

उत्तर :

ताई, नमस्कार.

हे तुम्हाला नक्की ठरवता येईल, आणि त्यासाठी फार शिकलेलं असायची गरज नाही. थोडे आकडे मिळवायचे, दोन्ही शाळांत एकेक फेरी मारायची आणि मुलांच्या दोन-तीन वह्या उघडून बघायच्या. जानेवारी चालू आहे, म्हणजे हाताशी पुरेसा वेळ आहे. सुरुवात मात्र फ्लेक्सवरच्या आकड्यापासून करू नका.

मार्च २०२५ च्या दहावीला राज्यातल्या २३,४८९ शाळांची मुलं बसली होती. त्यातल्या ७,९२४ शाळांचा निकाल शंभर टक्के लागला, म्हणजे दर तीन शाळांमागे एक. इतक्या शाळा शंभरावर असतील तर त्या आकड्यावरून चांगली शाळा निवडता येणार नाही. राज्याचा निकाल त्या वर्षी ९४.१० टक्के होता, कोकण विभागाचा ९८.८२ आणि बीड ज्यात येतं त्या छत्रपती संभाजीनगर विभागाचा ९२.८२. प्रशालेचे ८८ टक्के विभागाच्या खाली आहेत, ही गोष्ट नजरेआड करू नका. पण तिथून ५७ मुलं बसली असतील तर एक मूल म्हणजे पावणेदोन टक्के. तीन मुलं जास्त पास झाली असती तर प्रशाला विभागाच्या बरोबरीला आली असती. म्हणून एका वर्षाचा निकाल कधीच धरायचा नाही. तीन वर्षांचा बघायचा, आणि तोही त्या-त्या वर्षीच्या विभागाच्या निकालाशेजारी ठेवून.

शेजारी ठेवून का? राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता, २०१९ ला तो ७७.१० वर आला आणि २०२० ला एकदम ९५.३० झाला. मुलं तशीच, शिक्षक तेच. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडे असलेले अंतर्गत २० गुण २०१९ च्या परीक्षेला काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. शाळेने दिलेल्या २० गुणांवर किती मुलं तरतात, ते त्या एका वर्षाने दाखवून दिलं. पास व्हायला शंभरात ३५ लागतात. शाळेने २० पैकी २० दिले तर ८० गुणांच्या लेखी पेपरात १५ मिळाले तरी मूल पास. २०२१ चा ९९.९५ टक्के निकाल तर परीक्षाच न होता, शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर लागला. कुठल्या शाळेने त्या वर्षाचा आकडा दाखवला तर तो बाजूलाच ठेवा.

आता मुद्द्याचं. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढतात. जी मुलं बसलीच नाहीत, ती त्या हिशेबात कुठेच नसतात. ती कुठे गेली हे विचारल्याशिवाय कुठल्याही शाळेच्या निकालाला अर्थ नाही.

आठवीपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही. नववीला मात्र शाळा स्वतःच्या परीक्षेत नापास करू शकते. दहावीचा निकाल जपणाऱ्या काही शाळा नेमकं इथेच गाळण लावतात. कच्च्या मुलाच्या वडिलांना नववीच्या शेवटी बोलावून घेतात. ‘याला दहावी झेपणार नाही, वर्ष वाया जाईल, दाखला घेऊन जा आणि १७ नंबरचा फॉर्म भरा,’ असं समजुतीच्या सुरात सांगतात. १७ नंबरचा फॉर्म म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसणं. मंडळ नियमित आणि खासगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगवेगळा काढतं, त्यामुळे ते मूल नापास झालं तरी शाळेच्या फ्लेक्सला धक्का लागत नाही. ज्याला शिकवण्याची सगळ्यात जास्त गरज होती, तेच मूल शाळेबाहेर. हे फार वाईट आहे, आणि निकालाच्या कागदावर ते कधीच दिसत नाही.

दिसतं ते पटावर. प्रत्येक शाळेला सरकारी नोंदीतला अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो, आपल्या राज्यातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्कूल’ या भागात तो क्रमांक किंवा शाळेचं नाव टाकलं की शाळेचं माहितीपत्रक उघडतं. इयत्तावार मुलं-मुली, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, प्रयोगशाळा असं सगळं त्यात असतं, आणि मागची वर्षंही निवडता येतात. मोबाइलवर जमलं नाही तर आपले सरकार केंद्रावर किंवा गावातल्या कॉलेजच्या मुलाकडून काढून घ्या. मग एकच तुकडी तीन वर्षं पुढे नेत जा : २०२२-२३ ची आठवी, २०२३-२४ ची नववी, २०२४-२५ ची दहावी आणि मार्च २०२५ ला पास झालेली मुलं.

समजा विद्यालयात आठवीला १२० मुलं होती, नववीला ११८, दहावीला ८६. परीक्षेला ८४ बसली, ८४ पास झाली. निकाल शंभर टक्के. प्रशालेत आठवीला ६२, नववीला ६१, दहावीला ५८. बसली ५७, पास ५०. निकाल ८८ टक्के. आता आठवीत आलेल्यांपैकी दहावी पास होऊन किती बाहेर पडली ते बघा : विद्यालयात १२० पैकी ८४, म्हणजे ७० टक्के. प्रशालेत ६२ पैकी ५०, म्हणजे जवळपास ८१ टक्के. हे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेत, तुमच्या गावच्या शाळांचे खरे आकडे तुम्हालाच काढायचे आहेत. पण असा उलटा निघालेला हिशेब ही काही नवलाची गोष्ट नाही.

पट घटला की लगेच शाळेवर ठपका ठेवू नका. बदल्या होतात, कुटुंबं पुण्याला जातात, शेजारच्या गावात नवी शाळा निघते. नववीत आधीची नापास मुलं मिसळतात, बाहेरून नवीही येतात, त्यामुळे कधी पट फुगलेलाही दिसेल. आठवी ते नववी आणि नववी ते दहावी असे दोन्ही टप्पे वेगवेगळे बघा. आठवी ते नववी घट नाही आणि नववी ते दहावीला एकदम पाव तुकडी गायब, असं तीन वर्षं सलग दिसलं तर तो योगायोग नसतो.

खात्री करायची असेल तर माहितीचा अधिकार आहे. प्रशाला तर सरकारीच, पण अनुदानित विद्यालयाचे पगारही सरकारी तिजोरीतून होतात, त्यामुळे तिथेही अर्ज देता येतो. जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, शाळेच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. मजकूर असा लिहा : ‘शैक्षणिक वर्ष २०२२-२३ ते २०२४-२५ या काळात इयत्ता नववीतून शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांची वर्षनिहाय एकूण संख्या, जनरल रजिस्टरमधील शाळा सोडण्याच्या कारणांनुसार.’ नावं मागू नका. मुलांची नावं द्यायला शाळा नकार देईल, आणि तो नकार बरोबरच असेल. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. मुलगी उद्या त्याच शाळेत जाणार म्हणून अर्ज करायला संकोच वाटत असेल तर तुमच्या नावाने करू नका, कुठल्याही नागरिकाला तो करता येतो. त्याआधी मुख्याध्यापकांना तोंडी जरूर विचारा. जो मुख्याध्यापक ‘नववीत किती मुलं सोडून गेली’ या प्रश्नावर रजिस्टर काढून आकडा सांगतो, त्या शाळेबद्दल बरंच काही तिथेच कळतं.

पास किती झाले यानंतर, कसे पास झाले. शाळेकडून दहावीच्या निकालाची श्रेणीवार फोड मागा : ७५ च्या वर विशेष प्रावीण्य, ६० च्या वर प्रथम श्रेणी, ४५ च्या वर द्वितीय आणि ३५ ते ४५ मधले. ८४ पैकी ४० मुलं शेवटच्या गटात असतील तर त्या शंभर टक्क्यांचा पाया भुसभुशीत आहे. पहिल्या आलेल्या मुलीच्या ९६ टक्क्यांवरून शाळा ओळखू नका. त्यात त्या मुलीची हुशारी किती, शिकवणी किती आणि शाळा किती, हे वेगळं करता येत नाही. मधल्या मुलाला किती मिळाले ते विचारा : ८४ मुलं उतरत्या क्रमाने लावली तर बेचाळिसावं मूल कुठे आहे?

तुमच्या मुलीच्या दृष्टीने एक गोष्ट जास्त महत्त्वाची. दहावीची टक्केवारी सहा विषयांपैकी सर्वात जास्त गुणांच्या पाच विषयांवर काढतात. इंग्रजीत ४० मिळाले आणि बाकी सगळीकडे ८५, तरी गुणपत्रिकेवर ८५ टक्केच दिसतील. त्यात चित्रकलेच्या इंटरमिजिएटचे, खेळाचे सवलतीचे गुण मिळाले तर आकडा आणखी चढतो. मुलांना ते मिळायलाच हवेत, पण शाळेचं इंग्रजी कसं आहे हे त्यातून कळत नाही. कच्चं इंग्रजी दहावीत झाकलं जातं आणि अकरावी सायन्सच्या पहिल्याच महिन्यात उघडं पडतं. म्हणून दोन्ही शाळांना विषयवार निकाल मागा, आणि त्यातही फक्त गणित, विज्ञान आणि इंग्रजी. या तीन विषयांत ६० च्या वर किती मुलं आहेत, एवढं विचारलं तरी पुरे.

बाहेरच्या परीक्षा हा दुसरा पुरावा, आणि तो शाळेला हातचा धरता येत नाही. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तिच्यात निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत हवं. तुमच्या दोन्ही शाळा त्यात बसतात. निवडयादी पुण्याची राज्य परीक्षा परिषद प्रसिद्ध करते. दोन्ही शाळांतून आठवीच्या किती मुलांना बसवलं आणि किती निवडली गेली, ते विचारा. गणितात चांगल्या असलेल्या मुलीसाठी हे पैसे आणि ही तयारी दोन्ही मोलाचं आहे. दहावीला शंभर टक्के आणि एनएमएमएसमध्ये वर्षानुवर्षं एकही नाव नाही, अशी शाळा असेल तर दहावीचा निकाल वर्गातल्या शिकवण्यातून येतोय की आणखी कशातून, याचा विचार करा. परीक्षा केंद्रावर काय चालतं हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असतं. तेही ऐका.

आता लोक जे म्हणतात त्याकडे. ऊसतोड कामगारांची मुलं ज्या शाळेत येतात, ती शाळा मुलं निवडून घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दिवाळीच्या आसपास आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. त्या काळात मूल आजीजवळ राहून शाळेत येत असेल तर त्याच्यामागे कुणीतरी शिक्षक खमकेपणाने उभा असतो. अशा मुलांमुळे वातावरण बिघडतं हे म्हणणं त्या मुलांवर अन्याय करणारं आहे. वातावरण बिघडतं ते शिक्षक वर्गावर नसला की. आणि ते कुठल्याही मुलांच्या शाळेत बिघडतं.

म्हणून शाळेत जाण्याची हीच वेळ. ऐन हंगामात, एखाद्या मंगळवारी-बुधवारी, मधल्या सुट्टीनंतर जा. वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात वार आणि तारखेखाली पट आणि हजर असे दोन आकडे लिहिलेले असतात, मुलं-मुली वेगवेगळे. नववीच्या फळ्यावर पट ५८, हजर ४९ दिसलं तर बीडमध्ये, जानेवारीत, ही शाळा मुलं धरून ठेवतेय असं समजा. पट ५८, हजर ३१ असेल तर उरलेली कुठे आहेत ते विचारा. आकडे आजचेच आहेत ना, हे वरच्या तारखेवरून बघा. आठवडाभर न पुसलेला फळा तासांबद्दलही सांगून जातो.

मुलींचा आकडा मुद्दाम वेगळा काढा. आठवीत ३० मुली आणि दहावीत १९, असं असेल तर कारण विचारा. आपल्याकडे नववी-दहावीच्या वयात मुलींची लग्नं लावली जातात, हे तुम्ही जाणताच. ज्या शाळेतले शिक्षक अशा वेळी घरी जाऊन बोलतात, मुलीला परीक्षेपर्यंत आणतात, तिथे आठवीचा आणि दहावीचा मुलींचा पट जवळजवळ सारखा राहतो. माझ्या मते शाळेच्या चांगुलपणाचा याहून मोठा पुरावा नाही.

तुकड्यांचंही विचारा. मोठ्या शाळेत अ तुकडीत हुशार, मग ब, आणि क-ड मध्ये उरलेली अशी वाटणी पुष्कळदा असते. फ्लेक्सवरचे फोटो अ तुकडीतले असतात. खेड्यातून आठवीला नव्याने आलेली मुलगी बहुधा शेवटच्या तुकडीत जाते, कारण पाचवीपासूनची मुलं आधीच बसवलेली असतात. तिला कोणत्या तुकडीत घेणार, सेमी इंग्रजीची तुकडी कोणती, त्यात बाहेरून येणाऱ्याला जागा मिळते का, आणि क-ड ला गणित कोण शिकवतं? विद्यालयाला हे चार प्रश्न विचाराच.

शिक्षकांच्या बाबतीत एकूण संख्या ऐकून थांबू नका. नववी-दहावीचं गणित, विज्ञान आणि इंग्रजी कोण शिकवतं, तो त्या विषयाचा पदवीधर आहे का, मंजूर पदावर आहे की घड्याळी तासिकेवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर? तासिकेवरचा शिक्षक वाईट असतो असं अजिबात नाही, पण त्याचं मानधन अडकतं आणि वर्षाच्या मध्यात तो दुसरीकडे जातो. मागच्या जूनपासून आतापर्यंत गणिताला किती शिक्षक बदलले, हा प्रश्न शिक्षकांपेक्षा दहावीच्या मुलांना विचारा. प्रशालेत हीच बाजू लंगडी असण्याची शक्यता जास्त. जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळांत पदं रिकामी राहतात, मुख्याध्यापकाचा कार्यभार प्रभारीकडे असतो. संच मान्यतेनुसार, म्हणजे पटावरून सरकार पदं ठरवून देतं त्याप्रमाणे, किती पदं मंजूर आणि किती भरलेली, हे कार्यालयात सांगतात.

वह्यांसाठी शाळेत जायलाही नको. तुमच्या गावातून दोन्ही शाळांत जाणारी मुलं असतीलच, त्यांच्या घरी संध्याकाळी जा. दहावीच्या दोन मुलांच्या विज्ञानाच्या प्रयोगवह्या शेजारी ठेवा. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग उघडा. दोघांचीही निरीक्षणं दशांशापर्यंत तंतोतंत सारखी असतील तर प्रयोग झालेला नाही, फळ्यावरून उतरवलाय. खरोखर मोजलेले आकडे थोडेफार वेगळे येतातच. मग इंग्रजीची निबंधाची वही. प्रत्येक पानाखाली नुसती लाल सही आणि मधे चुकलेलं स्पेलिंग तसंच, की शब्दाखाली रेघ मारून बरोबर शब्द लिहिलाय? साठ वह्या अशा तपासणारा शिक्षक ज्या शाळेत आहे, तिथे तुमच्या मुलीचं इंग्रजी सुधारेल.

राष्ट्रीय पातळीवरच्या सर्वेक्षणांतले, २०२१ च्या किंवा डिसेंबर २०२४ च्या पाहणीतले आकडे कुणी दाखवले तर ते जिल्ह्याचे असतात, शाळेचे नसतात. त्यावरून या दोन शाळांत निवड करता येणार नाही.

माझं मत विचाराल तर असं. प्रशालेची आठवीची तुकडी दहावीपर्यंत टिकत असेल, गणित आणि इंग्रजीला या वर्षी शिक्षक असतील आणि वह्या तपासलेल्या दिसत असतील, तर ८८ टक्क्यांना न घाबरता तिला प्रशालेत घाला. लहान तुकडीत गणित चांगलं असलेली मुलगी शिक्षकाच्या लगेच नजरेत भरते. गणिताचं पद रिकामं असेल तर मात्र प्रशालेचा आग्रह धरू नका, आठवी-नववीचं गणित बुडालं तर ते भरून काढणं फार अवघड जातं. विद्यालयाचा नववी-दहावीचा पट स्थिर निघाला आणि मुलीला सेमीच्या तुकडीत जागा देतो असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, तर घरच्यांचं म्हणणंही बरोबर ठरेल. दोन्हीकडे आकडे सारखेच आले तर एसटीच्या वेळेवर ठरवा. मुलींना पास मोफत आहे, पण शाळा सुटल्यावरची गाडी दीड तासाने असेल तर तीन वर्षं तिचा अभ्यासाचा वेळ स्टँडवर जाईल.

सेमीच्या तुकडीची चौकशी मार्चमध्येच करून ठेवा, या जागा मेअखेरीस भरतात. गावच्या शाळेतून सातवीचा दाखला आणि प्रगतिपुस्तक निकाल लागल्या-लागल्या घ्या. दाखल्यावरचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते तिथेच उभं राहून बघा. यातली चूक आठवीत एका अर्जाने दुरुस्त होते, दहावीचा फॉर्म भरताना सापडली तर पंचायत समितीपासून मंडळापर्यंत हेलपाटे घालावे लागतात.